सभासदांच्या यादीतली दोन नावं

बर्लिनच्या नैर्ऋत्येला ग्रूनेवाल्ड हे उपनगर आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की जुने बंगले आणि गर्द झाडी यांच्यामधून चालत हुंडेकेले तळ्यापर्यंत जाता येतं. तळ्याकाठी तांबड्या मातीची टेनिस कोर्टं आहेत. हा १८९७ साली स्थापन झालेला रोट-वाइस, म्हणजे ‘लाल-पांढरा’ क्लब. त्याच्या दारावरून जाणाऱ्या वाटेचं नाव ‘गॉटफ्रीड फॉन क्राम वेग’. (हा ‘वेग’ म्हणजे रस्ता, आपला वेग नव्हे.) मी तिथे गेलो तो या नावाच्या ओढीने. परतताना डोक्यात होता तो मात्र दुसराच सभासद.

जर्मनीत टेनिस आणि हॉकी एकाच क्लबच्या छताखाली नांदताना सर्रास दिसतात. रोट-वाइसने मात्र नाव कमावलं ते टेनिसवर. आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यांसारखाच हाही प्रतिष्ठितांचा अड्डा होता. सरदार घराण्यांतली मंडळी इथे येत, तसेच बँकर आणि वकीलही. ग्रूनेवाल्डच्या बंगल्यांमधून सुखवस्तू ज्यू कुटुंबंही पुष्कळ राहत. त्यामुळे १९२०च्या दशकात कोर्टावर कोण कोणाच्या समोर उभा आहे याचं कुणाला विशेष वाटत नसे. निदान तसं कुणी बोलून दाखवत नसे.

डानिएल प्रेन १९०४ साली विल्नामध्ये जन्मला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. क्रांतीनंतर त्याचं ज्यू कुटुंब बर्लिनला आलं. तिथे तो इंजिनियर झाला आणि जर्मनीचा पहिल्या क्रमांकाचा टेनिसपटू. क्राम त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. हानोफरकडच्या सरंजामदार घराण्यातला हा मुलगा कायदा शिकायला म्हणून बर्लिनला आला आणि रोट-वाइसच्या कोर्टावरच रमला. जर्मनीच्या डेव्हिस कप संघाची मदार या दोघांवर होती.

जुलै १९३२मध्ये ब्रिटनविरुद्धचा डेव्हिस कपचा सामना याच क्लबवर झाला. तिसऱ्या दिवशी क्रामने बनी ऑस्टिनला हरवलं आणि २-२ अशी बरोबरी झाली. शेवटची लढत प्रेन आणि फ्रेड पेरी यांच्यात होती. प्रेनने पहिले दोन सेट ६-२, ६-४ असे घेतले. मग पेरीला सूर सापडला. तिसरा सेट त्याने ६-३ घेतला आणि चौथ्यात प्रेनला एकही गेम मिळू दिला नाही. पाचव्या सेटमध्ये पेरी ५-२ असा पुढे होता. तिथून प्रेनने सलग पाच गेम जिंकले. हाच पेरी पुढे लागोपाठ तीनदा विम्बल्डन जिंकणार होता, हे लक्षात घेतलं की या पाच गेमचं मोल कळतं. त्या संध्याकाळी प्रेन जर्मनीचा लाडका होता.

पुढच्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. एप्रिल १९३३मध्ये जर्मन टेनिस महासंघाने ठराव केला की ज्यू खेळाडूंना राष्ट्रीय संघात घेतलं जाणार नाही. ठरावात प्रेनचा नावानिशी उल्लेख होता. मला अस्वस्थ करते ती यातली घाई. खेळाच्या संघटनांनी वरून सक्ती होण्याची वाट फारशी पाहिलीच नाही. त्याच महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये निषेधाचं पत्र छापून आलं. त्याखाली दोन सह्या होत्या, ऑस्टिनची आणि पेरीची. ज्यांना प्रेनच्या संघाने नऊ महिन्यांपूर्वी हरवलं होतं, ते दोघे बोलले. १९२५ची जर्मन विजेती नेली नेपाख बर्लिनमधल्याच दुसऱ्या क्लबातली, तीही ज्यू. तिने मे १९३३मध्ये आत्महत्या केली. प्रेन इंग्लंडला निघून गेला.

क्राम राहिला. १९३४ आणि १९३६ साली तो फ्रेंच विजेता ठरला. १९३५ ते १९३७ अशी सलग तीन वर्षं विम्बल्डनची अंतिम लढत हरला. उंच, सोनेरी केसांचा हा सरदारपुत्र राजवटीला जाहिरातीसाठी हवाच होता. पण तो पक्षाचा सभासद झाला नाही. ५ मार्च १९३८ रोजी, परदेश दौऱ्यावरून परतल्यावर, त्याला अटक झाली. समलिंगी संबंधांविरुद्धच्या कलम १७५खाली त्याला वर्षाची कैद झाली. ज्याच्याशी संबंध होते तो मानासे हेर्ब्स्ट हा नट ज्यू होता. शिक्षा पुरी होण्याआधी क्राम सुटला. जून १९३९मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर त्याने बॉबी रिग्जला ६-०, ६-१ असं हरवलं. पुढच्याच महिन्यात रिग्ज विम्बल्डन विजेता झाला. क्राम त्या स्पर्धेत नव्हता.

युद्धानंतर क्राम पुन्हा खेळला. १९४७ आणि १९४८ साली तो जर्मनीचा सर्वोत्तम क्रीडापटू म्हणून निवडला गेला. उद्ध्वस्त क्लब पुन्हा उभा करण्यात त्याचा हात होता. १९७६मध्ये कैरोजवळ मोटार अपघातात तो गेला. क्लबच्या वाटेला त्याचं नाव आहे, मुख्य स्टेडियमला स्टेफी ग्राफचं. जर्मन महिला खुली स्पर्धा तिने नऊ वेळा जिंकली.

परतताना गाडीला अवकाश होता म्हणून ग्रूनेवाल्ड स्टेशनच्या सतरा नंबरच्या फलाटावर गेलो. ऑक्टोबर १९४१पासून बर्लिनच्या ज्यूंना भरून नेणाऱ्या गाड्या या स्टेशनातून सुटल्या. फलाटाच्या कडेने लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाव कोरलेलं आहे. पट्ट्या १८६ आहेत. क्लबमधून चालत आलेल्या माणसाचे बूट तांबड्या मातीने अजून माखलेलेच असतील, इतकंच हे अंतर.

प्रेन या फलाटावर कधी उभा राहिला नाही. तो वेळीच निघाला होता. इंग्लंडमध्ये त्याने लाउडस्पीकर बनवण्याचा धंदा उभारला आणि तिथेच १९९१मध्ये वारला. त्याचा मुलगा ऑलिव्हर प्रेनही टेनिस खेळला. त्याच्या नावापुढे देश होता ब्रिटन.