पोटगीच्या दाव्यात लपवलेले उत्पन्न कसे शोधावे?

"मी बेरोजगार आहे, आईवडिलांवर अवलंबून आहे." पोटगीच्या अर्जाला येणाऱ्या उत्तरात हे वाक्य नेहमी दिसते. कैनाडसारख्या गावात ते खोटे ठरवणे कठीण जाते, कारण डहाणू-तलासरी पट्ट्यात बरीचशी कमाई रोखीची असते. चिकूवाडी, वीटभट्टी, भाड्याचा टेम्पो, वापी किंवा तारापूरची कंत्राटी नोकरी यांची पगारपावती मिळत नाही. आपल्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती.

कायदा कोणता?

हिंदू विवाह कायदा, 1955 बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 25 नुसार घटस्फोटानंतर कायम पोटगी मागता येते. हा कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 (जुने कलम 125) सर्व धर्म-जमातींच्या स्त्रियांसाठी आहे. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही त्यात येते. स्त्री जिथे राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो.

नागपूरचा खटला

या विषयातला सर्वात महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने 2013 मध्ये पत्नीला दरमहा 15,000 रुपये आणि मुलाला आधी 5,000 व पुढे 10,000 रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर न्यायालयाने पतीकडून 2005-06 पासूनची आयकर विवरणपत्रे आणि पासपोर्टची प्रत मागवली. 4 नोव्हेंबर 2020 रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात पोटगीचा आदेश कायम राहिला आणि देशभरासाठी नियम घालून दिले गेले:

- दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र देणे बंधनकारक. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे.
- उत्तर देणाऱ्याला शपथपत्रासाठी जास्तीत जास्त चार आठवडे.
- पोटगी अर्जाच्या तारखेपासून.
- खोटी माहिती दिल्यास शपथभंगाची कारवाई होऊ शकते.

पुरावा कुठे शोधायचा?

*जमीन:* सातबारा आणि 8अ उतारा ऑनलाइन मिळतो. सातबाऱ्यावरची पीकपाहणी वाडीत काय आहे ते सांगते. फेरफार नक्की पाहा. दावा दाखल झाल्यावर जमीन भाऊ किंवा आईच्या नावे गेली असेल, तर ती तारीखच बोलते.

*खरेदी-विक्री:* नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक 2 मध्ये दस्ताची तारीख, पक्षकार आणि किंमत दिसते.

*धंदा:* दुकानाचा जीएसटी क्रमांक, ग्रामपंचायतीची घरपट्टी, वाहनाची नोंद, परवाने.

*राहणीमान:* कर्जाचे हप्ते, विमा, मुलांची खासगी शाळा, नवे बांधकाम. "उत्पन्न शून्य" म्हणणारा माणूस गाडीचा हप्ता कशातून भरतो, हा प्रश्न न्यायालयासमोर मांडावा.

बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे, मालकाकडील वेतननोंदी या गोष्टी आपण मिळवायच्या नसतात, न्यायालयामार्फत मागवायच्या असतात. वकिलांकरवी प्रश्नावली देता येते, तसेच कागदपत्रे हजर करण्याचा अर्ज करता येतो. स्वतःचे उत्पन्न ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते सांगायचे असते. त्याने लपवले तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. धडधाकट माणूस मजुरी करून का होईना, कुटुंबाला पोसू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये 'अंजू गर्ग' प्रकरणात म्हटले आहे.

दोन चुका टाळा

पतीचा मोबाइल किंवा पासवर्ड वापरून माहिती काढू नका. त्यातून नवा गुन्हा अंगावर येऊ शकतो. दुसरे, ताईंनी स्वतःची कमाईही खरी सांगावी. शिवणकाम, मजुरी, बचतगटाची रक्कम लपवली तर तेच शस्त्र उलटते.

मदत

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.

आदेश होऊनही पैसे न दिल्यास वसुलीचा अर्ज करता येतो. पण रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत. ही मुदत माहीत नसल्याने हक्काचे पैसे बुडतात. म्हणून आपल्या वस्तीत असा एक जरी आदेश पडून असेल, तर आज त्याची तारीख तपासा.