सिलिंगच्या तारखा

बीड जिल्ह्यात सिलिंगमध्ये गेलेली जमीन लोकांच्या तोंडी आहे. सिलिंगमधून वाचवलेली जमीन मात्र कागदांतच शोधावी लागते, आणि तिचा पहिला साक्षीदार खुद्द कायदा आहे. कमाल जमीन धारणेचा, म्हणजे सिलिंगचा, १९६१ चा अधिनियम २६ जानेवारी १९६२ ला अमलात आला; पण त्याच्या कलम १० ने हात घातला तो ४ ऑगस्ट १९५९ पर्यंत मागे. त्या दिवसानंतर कायदा चुकवण्यासाठी केलेली हस्तांतरणं आणि वाटण्या जमेस धरायच्या नव्हत्या. कायदा येण्याआधीच घरोघर नावं बदलली जातील, हे सरकारने गृहीत धरलं होतं.

पहिली मर्यादा सैल होती. जिरायतीला भागाप्रमाणे ६६ ते १२६ एकर. २ ऑक्टोबर १९७५ पासून ती ५४ एकरांवर आली, बारमाही पाण्याच्या जमिनीला १८. जायकवाडीचं उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ चं. गेवराई-माजलगावच्या कोरडवाहू रानात कालव्याचं पाणी येणं म्हणजे पीक वाढणं, तसंच जमिनीचा वर्ग बदलून मर्यादा खाली येणंही होतं.

या दुसऱ्या खेपेला मागची तारीख २६ सप्टेंबर १९७० ठरली. तिच्यानंतरची वाटणी कायदा चुकवण्यासाठीच झाली असं मानायचं. तसं नसेल तर ते कुटुंबाने सिद्ध करायचं. ‘हस्तांतरण’ म्हणजे काय, हे कलम ८ च्या स्पष्टीकरणात आहे: विक्री, बक्षीस, कब्जेगहाण, अदलाबदल, आणि पोटगीसाठी जमीन लावून देणंही. कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं हस्तांतरणही त्यात आलं. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. नवरा-बायकोतला दावा आणि त्यातली पोटगी हीसुद्धा जमीन राखण्याची वाट होऊ शकते, हे ती लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. कलम ४ ने नवरा, बायको, अज्ञान मुलगे आणि अविवाहित अज्ञान मुली यांची जमीन, कुणाच्याही नावावर असली तरी, एका कुटुंबाची ठरवली. उत्तर प्रदेशच्या कायद्याने न्यायालयीन फारकत झालेल्या जोडीदाराला कुटुंबाबाहेर ठेवलं होतं. तिथे तशा हुकूमनाम्याला एकरांत मोजता येईल असं मोल आलं.

मराठवाड्यात जास्त वापर वाटणीचाच झाला असावा, असं माझं मत आहे. ती स्वस्त होती. तोंडी वाटणी करायची, तलाठ्याकडे वर्दी द्यायची, की गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद. त्या नोंदवहीत रकाने मोजकेच: नोंदीचा क्रमांक, हक्काचं स्वरूप, कोणते सर्व्हे नंबर, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही वा शेरा. सगळी गोष्ट दुसऱ्या रकान्यात असते, आणि तारखेशिवाय ती कळत नाही. म्हणून १९५४-५५ चं खासरा पत्रक एका हाताशी ठेवावं, १९७० ते ७५ चे फेरफार दुसऱ्या. नवी नावं कुणाची, ती कधी आली आणि पुढे किती वर्षं टिकली, हे तीन प्रश्न विचारले की खरी वाटणी आणि सिलिंगची वाटणी वेगळी पडते. प्राप्तिकराच्या कायद्यानेही पुढे अशीच तारीख ठरवली: ३१ डिसेंबर १९७८ नंतरची एकत्र हिंदू कुटुंबाची अंशतः वाटणी त्याने मानली नाही.

‘कुटुंब’ या व्याख्येविरुद्धची आव्हानं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, दत्तात्रय गोविंद महाजन खटल्यात, फेटाळली. ते योग्यच झालं. पण बाईच्या वाट्याला काय आलं, ते त्या निकालाने मिटलं नाही. जमीन वाचवायची तेव्हा तिचं नाव चालत होतं. मुलगी म्हणून जन्माने हिस्सा मिळायला महाराष्ट्रात २२ जून १९९४ उजाडावा लागला, आणि तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींनाच.

तुमच्या घरचा सातबारा काढाल तेव्हा त्या पाच वर्षांचे फेरफारही काढा. त्यांत आजीचं, आत्याचं नाव सापडलं, तर ते पुढे कोणत्या हक्कसोडपत्राने गेलं, तेही बघा.