नेताजी फायली

नेताजी फायली म्हणजे स्वातंत्र्यसेनानी सुभाषचंद्र बोस यांच्याशी संबंधित गोपनीय सरकारी कागदपत्रे होत. पश्चिम बंगाल सरकारने २०१५ मध्ये आणि भारत सरकारने २०१६ पासून ती जनतेसाठी खुली केली.

पार्श्वभूमी

१८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकू (आताचे तैपेई) येथील विमान अपघातानंतर बोस यांचे निधन झाल्याचे जाहीर झाले. त्याबाबतच्या शंकांमुळे तीन चौकश्या झाल्या. शाहनवाज समिती (१९५६) व खोसला आयोग (१९७०-७४) यांनी अपघाती मृत्यूचा निष्कर्ष मान्य केला. मात्र शाहनवाज समितीचे सदस्य आणि नेताजींचे बंधू सुरेशचंद्र बोस यांनी भिन्न मत नोंदवले. मुखर्जी आयोगाने (१९९९-२००५) बोस हयात नसले तरी त्यांचा मृत्यू त्या अपघातात झाला नाही, असे म्हटले. सरकारने तो अहवाल फेटाळला.

गोपनीयतेचा प्रश्न

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार गोपनीय कागदपत्रांवरील वर्गीकरण उठल्याशिवाय ती राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना पाहता येत नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली आलेले अर्ज पंतप्रधान कार्यालयाने परराष्ट्र संबंधांना बाधा येईल या कारणाने नाकारले होते.

प्रकाशन

पश्चिम बंगाल सरकारने १८ सप्टेंबर २०१५ रोजी ६४ फायली खुल्या केल्या. पंतप्रधान कार्यालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ३३ फायली राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवल्या. बोस यांच्या जयंतीदिनी, २३ जानेवारी २०१६ रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १०० फायलींच्या संगणकीय प्रती संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्या. उर्वरित फायली पुढे टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाल्या.

आशय व परिणाम

या फायलींमधून मृत्यूविषयीचा वाद मिटला नाही. मे २०१७ मध्ये गृह मंत्रालयाने माहिती अधिकाराच्या उत्तरात अपघाती मृत्यूचाच निष्कर्ष कायम ठेवला. स्वातंत्र्यानंतरही बोस कुटुंबीयांवर पाळत ठेवली जात होती, हे मात्र कागदपत्रांतून पुढे आले. गुप्तवार्ता विभागाच्या नोंदींनुसार १९४८ ते १९६८ या काळात शरदचंद्र बोस यांचे पुत्र शिशिरकुमार व अमियनाथ यांच्या पत्रव्यवहारावर व हालचालींवर लक्ष ठेवले जात होते.

मर्यादा

पंतप्रधान कार्यालयातील याच विषयाची एक फाइल १९७२ मध्ये नष्ट करण्यात आली होती. त्यामुळे गोपनीयता उठल्यानंतरही उपलब्ध अभिलेख अपूर्णच आहे. चौकशी आयोगांचे निष्कर्ष ज्या कागदपत्रांवर आधारलेले होते, त्यांपैकी अनेक आता अभ्यासकांना मुळातून तपासता येतात.