माहुलची वायूवरची वीज

1915 साली खोपोलीला घाटातल्या पाण्यावर वीज झाली आणि मुंबई उजळली. पण पाऊस रुसला की विजेची ओढाताण! म्हणून 1956 साली माहुलजवळ, ट्रॉम्बेला, टाटांचे औष्णिक केंद्र सुरू झाले. तिथेच 1993-94 साली नैसर्गिक वायूचा 180 मेगावॅटचा संच आला. वायू जाळून एक चक्र फिरते. उरल्या धगीने वाफ होऊन दुसरे. चुलीच्या धगीवर वैलावरची आमटी शिजते, तसेच हे! मात्र वैशाखात हवा विरळ होते, वीज घटते. आणि नेमके तेव्हाच पंखे जास्त फिरतात. थंडाव्याला घेतलेले पाणी ऊन होऊन खाडीत परतते. माहुलच्या कोळ्यांची जाळीही तिथलीच. तेव्हा गुरुजी, दिव्याची गोष्ट सांगताना मुलांना ही खाडीही सांगा.