एका खोलीतले ८२८

१९२१ साली मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याने वर्षाच्या आत दगावलेल्या मुलांची वर्गवारी घरातल्या खोल्यांवरून मांडली. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हजार जन्मांमागे १३३ मुले गेली, तीन खोल्यांत १९१, दोन खोल्यांत ३२२. आणि एका खोलीत ८२८.

हा शेवटचा आकडा फुगलेला होता, हे तेव्हाही जाणकार सांगत. गिरणगावातली बाई बाळंतपणाला रत्नागिरीकडे नाहीतर घाटावर जाई आणि तान्हे मूल घेऊन परते. जन्म लिहिला जाई गावी, मृत्यू मुंबईत. पण दोन खोल्या आणि चार खोल्या यांतला दुपटीहून मोठा फरक? त्यावर एवढ्याने पांघरूण पडत नाही.

त्या काळी मुंबईतल्या दर शंभरांत ऐंशीहून अधिक माणसे बाहेर जन्मलेली. शहर त्यांची मजुरी घेई. आजारपण, बाळंतपण आणि म्हातारपण मात्र गावाने निस्तरायचे. कोकणातले घर हेच मुंबईचे बिनखर्चाचे इस्पितळ होते.

प्लेगात हे उघडे पडले. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत तो ओळखला. खाली धान्याच्या वखारी, त्यांत उंदीर, आजूबाजूला कोंदट, खच्चून भरलेल्या खोल्या. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर रिकामे झाले. ऐपत असलेले मोकळ्या हवेच्या बंगल्यांत गेले, चाकरमानी गावाकडे. मागे राहिलेल्यांना इस्पितळाचाच धसका होता. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

१८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडून त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. उठवलेली बिऱ्हाडे बहुधा शेजारच्याच चाळीत शिरली, म्हणजे तिथली दाटी आणखी वाढली.

मग १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने ५०,००० खोल्यांचा बेत आखला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळी त्या याच. नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती उठल्या. खोल्या भरल्या सोळा हजारांच्या आसपास. पुन्हा एकेकच खोली, साधारण १६० चौरस फुटांची. काँक्रीट पक्के होते, पण भाडे कामगाराला झेपेना आणि वरळी गिरण्यांपासून लांब. तिथल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे ओस पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यांतल्या काहींचा तुरुंग केला.