फ्लॉरेन्सच्या वाटेवर मराठे

करी रोडला एके काळीं गिरणीचा भोंगा झाला कीं रत्नागिरी-साताऱ्याचीं माणसें लोंढ्यानें रस्त्यावर येत. ज्या मुलखानें गिरण्यांना कामगार दिले, त्यानेंच पलटणींना शिपाई दिले. १९४४ सालीं त्यांतले कित्येक इटलींत लढत होते.

हे कांहीं हौसेचे प्रवासी नव्हते. फ्लॉरेन्स म्हणजे चित्रकलेचें माहेर. तेथील उफ्फीत्झी संग्रहालयांतील चित्रें युद्धाच्या भयानें आसपासच्या वाड्यांत हलविलीं होतीं. जुलैअखेर पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई मोन्तेगुफोनीच्या गढींत शिरले. आंत आसऱ्याला आलेले गांवकरी, आणि भिंतींना टेकून ठेवलेलीं चित्रें! बोतिचेल्लीचा ‘वसंत’ त्यांतच होता. स्कॉटिश लेखक एरिक लिंक्लेटर तेथें आले, तों तीं ओळखून हरखून गेले. चित्रांवर मराठ्यांचा पहारा बसला.

३ ऑगस्टच्या रात्रीं मागें हटणाऱ्या जर्मनांनीं फ्लॉरेन्सचे पूल उडविले. ‘पोन्ते वेक्यो’ हा जुना पूल तेवढा वांचला. ‘वसंत’ मात्र सुखरूप परतला. आज त्याच्यासमोर जगभरचे प्रवासी थांबतात.

त्याच जुलैच्या १० तारखेस, त्याच रेजिमेंटचे नायक यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यांत धारातीर्थीं पडले. माणगांवकडच्या या वीरास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगें मात्र ज्ञात नाहीं, कासिनोच्या स्मारकावर नांव तेवढें आहे. ‘वसंता’चें दर्शन घेणाऱ्या मराठी प्रवाशानें तेंहि एकदां वाचून यावें.