लाँग बीच ते किल्लारी: भिंतीतली सळई



कॅलिफोर्नियात काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांची भिंत बांधताना कधी पाहिली आहे का? पायातून उभ्या सळ्या वर आलेल्या असतात. ठोकळे त्यांच्यावरून ओवायचे, मधूनमधून आडव्या सळ्या टाकायच्या आणि पोकळीत पातळ काँक्रीट ओतायचं. एका भिंतीसाठी एवढा खटाटोप का, याचं उत्तर १९३३ सालात आहे.

१० मार्च १९३३, संध्याकाळचे ५:५४. लाँग बीचला ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १२० माणसं गेली. जवळपास ७० शाळा जमीनदोस्त झाल्या, बऱ्याचशा बिनसळईच्या विटांच्या. मुलं घरी गेली होती म्हणून वाचली. बरोबर महिन्याभरात फील्ड कायदा आला: शाळांचे नकाशे आणि बांधकाम राज्य सरकार तपासणार. त्याच वर्षी रायली कायद्याने इतर बहुतेक इमारतींनाही आडव्या धक्क्याचा हिशेब सक्तीचा केला. नुसत्या विटांच्या भिंतीचे दिवस तिथेच संपले.

आता आपल्याकडे या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारी. तीव्रता साधारण तेवढीच, ६.२. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं घरात गाढ झोपलेली. जवळजवळ दहा हजार बळी गेले.

वेळेचा फरक होताच, पण भिंतीचाही होता. आपली दगडी भिंत दोन फुटांहून जाड, पण खरं तर त्या दोन वेगळ्या भिंती: आत-बाहेर दगड, मध्ये भर, आणि सगळं मातीत रचलेलं. वर माळवदाचा मातीचा बोजा. हादऱ्याने दोन्ही बाजू फाकल्या आणि छप्पर खाली आलं.

उपाय फार महाग नाही. १९९३ च्याच भारतीय मानक १३८२८ मध्ये तो आहे: ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे दगड, आणि दाराखिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा.

आपल्यातले बरेच जण गावच्या घरासाठी पैसे पाठवतात. पाठवण्याआधी एवढंच विचारा: पट्टा सलग आहे, की फक्त खिडक्यांपुरता? कोपऱ्यात सळ्या वाकवून एकमेकींना बांधल्या आहेत का? गिलावा झाल्यावर हे दिसत नाही.

लाँग बीचने रिकाम्या शाळा पडलेल्या पाहून धडा घेतला. तो साठ वर्षांत किल्लारीपर्यंत पोचला नाही. निदान आपल्या घरापर्यंत तरी पोचवूया.

चु.भू.द्या.घ्या.